अकरा आठवड्यांची रेघ

शाळा सुटल्यावर चेन्नईजवळच्या केळंबाक्कमच्या बस थांब्यावर एका बाईने मागून येऊन चारुलताच्या दंडाला दोन बोटं टेकवली. चारुलता वळली. चाळिशीच्या आतबाहेरची, सुकलेल्या चेहऱ्याची बाई. बोटांची टोकं सारखी पाण्यात राहिल्यासारखी पांढुरकी. "टीचर, मी चित्रा. जननीची अम्मा. नववी बी," ती तमिळमध्ये म्हणाली. चारुलताच्या तोंडावर सवयीचं हसू आलं. रस्त्यात भेटणारे पालक मार्कांबद्दलच विचारतात आणि त्यांना द्यायचं उत्तर तिच्या जिभेवर कायमचं तयार असतं. पण चित्रा म्हणाली, "जननीचं काही नाही. तिच्या अप्पांनी होडीतला हिस्सा विकला. गुम्मिडिपूंडीला फॅक्टरीत लागलेत, दीड महिना झाला. तिथंच खोलीवर राहतात, रविवारी तेवढे येतात. तुमच्या त्या चार्टात आलं ना, ऑक्टोबरात पाणी घराला लागणार म्हणून." तिच्या आवाजात तक्रार नव्हती. पत्ता विचारावा तसं तिने पुढे विचारलं, "मला एवढंच हवं होतं, टीचर, की सामान कधी हलवायचं? पाऊस लागायच्या आधी की नंतर?" तेवढ्यात कोवलमची बस आली. "बघून सांगते," चारुलता म्हणाली. चित्राने मान डोलावली आणि ती गर्दीतून बसमध्ये चढली.

बघून सांगते. घरापर्यंतच्या वाटेवर हे दोन शब्द चारुलताच्या पायांत येत राहिले. नवऱ्याच्या, दिनानाथच्या, नोकरीपायी चेन्नईला येऊन तिला एकोणीस वर्षं झाली होती, त्यातली सतरा ती शाळेत शिकवत होती, आणि या सतरा वर्षांत तिने किती जणांना बघून सांगते म्हटलं असेल याची मोजदाद नव्हती. बहुतेक वेळा बघायचं राहून जायचं आणि विचारणारेही विसरून जायचे. या वेळी मात्र बघण्यासारखं काही उरलंच नव्हतं. ते तिला माहीत होतं. जिन्यात दिवा नव्हता. तिसऱ्या मजल्यावर ती थांबली, कठड्याला टेकली, आणि अंगातला शीण गुडघ्यांतून खाली उतरतोय की पायऱ्यांतून वर चढतोय हे तिला नीट कळेना. हा शीण आजचा नव्हता. तो नेमका कधीपासूनचा, हे कुणी विचारलं असतं तर तिने बहुधा जून महिना सांगितला असता. जूनमध्ये शाळेने सगळ्या शिक्षकांना एका हॉटेलच्या थंडगार हॉलमध्ये दोन दिवस बसवलं होतं. यापुढे धडा फळ्यावर शिकवायचा नाही, मुलांनी प्रकल्पातून शिकायचं. प्रशिक्षण देणारा तरुण पोरगेलासा होता, त्याच्या कॉलरला माईक होता. तो म्हणाला, प्रकल्पाच्या मुळाशी एक खरा प्रश्न पाहिजे, असा की मुलांची झोप उडाली पाहिजे. सगळ्यांनी पिवळ्या चिठ्ठ्यांवर आपापला प्रश्न लिहायचा होता. चारुलताला त्या गारठ्यात पेंग येत होती. शाळेत कोवलमच्या कोळीवाड्यातली पाच-सहा मुलं आहेत एवढं तिला आठवलं, आणि तिने लिहून टाकलं, 'समुद्र आपल्या घरापर्यंत कधी येईल?' त्या तरुणाने ती चिठ्ठी उचलून मोठ्याने वाचली. टाळ्या पडल्या. येईल का, असं तिने लिहिलं नव्हतं. कधी येईल, असं लिहिलं होतं. त्या एका शब्दातला फरक तेव्हा कुणाला दिसला नाही, आणि तिला दिसला असता तरी चिठ्ठी परत मागायचं त्राण तिच्यात नव्हतं.

नंतरचे अकरा शनिवार मात्र बरे गेले होते. ऑक्टोबर ते डिसेंबर. मुलांचे गट, प्रत्येकाकडे दोरी, खुणेचे खुंटे, वही. कोळीवाड्यातल्या घराच्या मागच्या भिंतीपासून भरतीच्या रेषेपर्यंतचं अंतर मोजायचं. लाट शेवटची जिथे शेवाळ आणि काटक्या टाकून जाते ती रेषा. बाकीची मुलं दोन शनिवारांनंतर कंटाळली. दोरी ओली होते, वाळू चपलेत जाते, घरी गरम भजी असतात. जननी कंटाळली नाही. काळी, किडकिडीत, वर्गात कधी हात वर न करणारी ही मुलगी एकदम काटेकोर झाली होती. दोरी सैल पडली तर पुन्हा मोजायची. एकतीस पूर्णांक दोन मीटर, तीस पूर्णांक सहा, तीस. समुद्र दर आठवड्याला साठ सेंटिमीटर पुढे येत होता, जवळजवळ ठरवल्यासारखा. अकराव्या आठवड्यानंतर जननीने आलेख कागदावर अकरा ठिपके मांडले, पारदर्शक पट्टी ठेवली, आणि त्यांच्यातून एक रेघ ओढली. ती खाली उतरत गेली, कागद संपला, तर तिने दुसरा कागद खळीने जोडला आणि रेघ पुढे नेली. जिथे ती तळाच्या अक्षाला टेकली तिथे बारीक अक्षरात लिहिलं, ऑक्टोबर, पहिला आठवडा. मग तो कागद तिने चारुलताच्या टेबलावर आणून ठेवला. ती नुसती उभी राहिली, आणि चारुलताने पाहिलं की या मुलीला पहिल्यांदाच एखादी गोष्ट स्वतःला कळली आहे, कुणी न सांगता कळली आहे, आणि त्या कळण्याने तिचा श्वास थोडा जलद चालतो आहे.

त्याच क्षणी चारुलताला वेंगुर्ल्याकडचा तिचा किनारा आठवला होता. आठवला होता, हे ती आज नाकबूल करू शकत नव्हती. तिच्या लहानपणी दर पावसाळ्यात समुद्र सुरूच्या झाडांपर्यंत यायचा, त्यांची मुळं उघडी पाडायचा, खेळायला जागाच उरायची नाही. आणि बाबा, पोस्टातून आल्यावर ओट्यावर पाय धूत, म्हणायचे, "नेऊ दे गो. न्हेलेला ठेवून घ्येणा नाय तो. दिवाळीक परत हाडून टाकतलो." आणि दिवाळीला खरंच वाळू परत आलेली असायची, नवीन, स्वच्छ, कुणाचा पाय न लागलेली. इथे पूर्वेला मोसम उलटे. इथला समुद्र ऑक्टोबर ते डिसेंबर खातो आणि उन्हाळ्यापर्यंत भरून देतो. एका मोसमाच्या अकरा मापांवरून पुढच्या वर्षाची रेघ ओढता येत नाही, हे सांगायला गणिताची पदवीसुद्धा लागत नाही. तिने तोंड उघडलं होतं. पण टेबलावर नववी ए-चे पेपर होते, संध्याकाळपर्यंत चाळीस मुलांचे अहवाल संगणकात भरायचे होते, आणि हे समजावून सांगायचं तर पुन्हा बसावं लागणार, मोसम म्हणजे काय, माप किती वर्षांचं हवं, आणि शेवटी या मुलीच्या चेहऱ्यावरचं ते काहीतरी विझणार. तिने उघडलेल्या तोंडातून "छान" एवढंच आलं. जननी गेली. अहवालात एक रकाना होता, प्रकल्पाचं प्रत्यक्ष जीवनाशी नातं. तिथे चारुलताने पाचपैकी पाच भरले.

चित्रा भेटली त्या रात्री जेवताना तिने दिनानाथला चित्राबद्दल सांगितलं. तो फोनवरून नजर न काढता म्हणाला, "तू काय त्याला विक म्हणालीस का?" नव्हती म्हणाली. पण ताटातला भात चिवडताना एक गोष्ट वर आली, जी तिने जानेवारीपासून खाली दाबून ठेवली होती. पोंगलच्या आधी शाळेत प्रकल्पांचं प्रदर्शन झालं. मुख्याध्यापिका नंदिता मॅडम पाहुण्यांना घेऊन जननीच्या चार्टापाशी बराच वेळ थांबल्या. जननीने पाठ केलेल्या इंग्रजीत सगळं सांगितलं आणि शेवटी, शांतपणे, "म्हणून आमचं घर पुढच्या ऑक्टोबरात" असं म्हणाली, तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. पाहुणे पांगल्यावर पांढरा इस्त्रीचा शर्ट घातलेला एक माणूस चार्टापाशी आला. जननीचे वडील, एळुमलै. त्याने बोट न लावता, हवेतल्या हवेत, ती रेघ वरून खालपर्यंत बोटाने गिरवली. मग तो चारुलताकडे वळला. "टीचर, ही रेघ अशी सरळच जाते का?" ती सकाळपासून उभी होती. तिच्या टाचा ठणकत होत्या. तो विचारतोय ते काय विचारतोय, हे तिला कळलं होतं, शंभर टक्के कळलं होतं. ती म्हणाली, "गणिताप्रमाणे, हो." त्याने हात जोडले आणि तो गेला. यातलं तिने दिनानाथला काही सांगितलं नाही. ताट उचलून ती सिंकपाशी गेली आणि पाणी सोडून उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी ती नंदिता मॅडमच्या खोलीत गेली. त्या ऐकून घेणाऱ्या बाई होत्या, ऐकताना पेन खाली ठेवायच्या. "चारुलता, तुमचं बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "पण जननीचा प्रकल्प आपण विभागाच्या स्पर्धेला पाठवलाय. आता मार्च आहे. पुढच्या वर्षीची मुलं याच प्रकल्पाचा दुसरा भाग करतील, त्यात दुरुस्ती होईलच की. शिकण्याची प्रक्रिया ती हीच." चारुलता म्हणाली, "मॅडम, तिच्या वडिलांनी होडी सोडली." नंदिता मॅडमनी पेन पुन्हा उचललं. "ते मोठे आहेत," त्या म्हणाल्या. "आपण मुलांना शिकवतो. घरच्यांच्या निर्णयाची जबाबदारी शाळा कशी घेणार? तुम्ही तिथे जाऊन काही बोललात, आणि उद्या ते शाळेवर आले, तर?" खोलीतला पंखा एका पात्यावर टकटक करत होता. चारुलताला वाटलं, हेच वाक्य मी माझ्या मनाशी काल रात्री बोलले, फक्त मराठीत. ती उठली. रविवारी कोवलमला जायचं तिने ठरवलं असं म्हणता येणार नाही. रविवारी दुपारी ती बसमध्ये बसलेली होती, एवढंच.

एळुमलै घरी होता. दोन खोल्यांचं सिमेंटचं घर, पुढच्या दारात तो निळ्या शर्टाला बटण शिवत बसला होता. जाळी विणणाऱ्या हातांना सुई बारीक पडत होती. तिला पाहून तो गडबडीने उठला, प्लास्टिकची खुर्ची पुसून दिली. चित्रा आत रांधत होती. जननी कुठेतरी बाहेर गेली होती. जेवणाचा आग्रह झाला, चारुलताने चहावर निभावलं, आणि चित्रा आत गेल्यावर ती बसमध्ये जुळवलेली तमिळ वाक्यं बोलायला लागली. ती रेघ चूक आहे. अकरा आठवडे पुरत नाहीत. वाळू जाते तशी येते. मला ते माहीत होतं, तुम्ही विचारलंत तेव्हा मी खरं सांगितलं नाही. एळुमलै मान खाली घालून ऐकत होता. मग त्याचे खांदे हलायला लागले, आणि तिला वाटलं तो रडतोय, पण तो हसत होता, आवाज न करता.

"टीचर," तो हळू म्हणाला, "वाळू परत येते हे तुम्ही मला सांगताय? मी त्या वाळूवर जन्मलोय."

त्याने सुई शर्टाच्या कॉलरला टोचून ठेवली. "बावीस वर्षं गेलो समुद्रावर. पहाटे तीनला उठायचं. आता मासा लांब गेला, गुडघा गेला. होडी ढकलताना गुडघ्यात असं काहीतरी हलतं, खिळा सुटल्यासारखं. हे कुणाला सांगायचं? माझा भाऊ साठीचा आहे, तो जातो. बाप मरेपर्यंत गेला. चित्राला म्हटलं असतं नको वाटतं, तर ती म्हणाली असती, नको वाटतं म्हणजे काय? तेवढ्यात पोरीने चार्ट आणला." त्याने आतल्या दाराकडे पाहिलं. "इंग्रजीत लिहिलेला. टाळ्या पडलेला. मी तुम्हाला विचारलं, तुम्ही हो म्हणालात. मग घरी येऊन सांगितलं, शाळेतून आलंय, इथं काही राहायचं नाही. कुणी एक शब्द बोललं नाही. तिथं बंद जागेत श्वास कोंडतो, टीचर. पण बसून काम असतं." आणि थोड्या वेळाने, "तुम्ही त्यांना सांगू नका. हात जोडतो."

चारुलता चहाच्या पेल्यातल्या सायीकडे पाहत राहिली. तिला हलकं वाटायला हवं होतं. तिच्यामुळे काही झालं नव्हतं. हा माणूस फसला नव्हता. आता नुसतं बरं म्हणायचं आणि परतीची बस धरायची. बरं, हा शब्द तिच्या घशापर्यंत आलासुद्धा होता, त्या 'छान'सारखाच गुळगुळीत, हाताशी असलेला. तेवढ्यात मागच्या बाजूने जननी आली. पाय घोट्यापर्यंत ओले, हातात वही. मिसना पाहताच तिने वही पाठीमागे नेली.

"काय आहे गं?" चारुलताने विचारलं.

"काही नाही, मिस."

"दाखव."

जननीने बापाकडे पाहिलं, मग वही पुढे केली. प्रकल्पाचीच वही होती. अकरा मापांखाली एक रेघ मारून पान बंद केलेलं, आणि पुढच्या पानावर, परवानगी नसल्यासारख्या बारीक आकड्यांत, पुन्हा तारखा होत्या. जानेवारी, पंचवीस पूर्णांक चार. फेब्रुवारी, सव्वीस पूर्णांक एक, सत्तावीस. मार्च, अठ्ठावीस पूर्णांक तीन. एकही आठवडा चुकला नव्हता. एकटीने मोजलेलं, दोरीचं टोक भिंतीशी दगडाखाली दाबून ठेवत असणार.

"प्रकल्प संपल्यावर मोजलेलं चालतं का, मिस?" जननी म्हणाली. आणि मग एकदम, खालच्या आवाजात, "माझं चुकलंय. जानेवारीतच कळलं होतं. पण तेव्हा अप्पांनी होडीचं बोलून टाकलं होतं. मग मी कसं सांगणार? मला वाटलं, पुढच्या आठवड्यात तरी पाणी पुढे येईल." ती थांबली. "मी रोज देवाला सांगते, पाणी येऊ दे म्हणून."

चौदा वर्षांची मुलगी आपलं घर बुडावं म्हणून प्रार्थना करत होती, आपला आलेख खरा ठरावा म्हणून, बाप उगाच गेला नाही असं व्हावं म्हणून. झोप उडाली पाहिजे, तो पोरगेला तरुण म्हणाला होता. तिने एळुमलैकडे पाहिलं. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. त्याला हे माहीत नव्हतं. आतल्या दारात चित्रा उभी होती, हातात पळी. ती कधीपासून उभी होती कोण जाणे.

"काय लिहिलंय त्यात?" चित्राने विचारलं.

चारुलताने वही उचलली आणि तारखेनुसार सगळी मापं मोठ्याने वाचली, तमिळ आकडे अडखळत, पण शेवटपर्यंत. "वाळू परत येते आहे. घर जाणार नाही, निदान या ऑक्टोबरात तरी नाही," ती म्हणाली. "जननीची मापं बरोबर होती. त्यांवरून रेघ ओढायची नसते, हे मी तिला शिकवायचं होतं. मला माहीत होतं. मी शिकवलं नाही." एळुमलैने कॉलरला टोचलेली सुई काढली, पुन्हा टोचली. तो मुलीकडे न बघता म्हणाला, "मलाही माहीत होतं, कण्णू, बाळा. चार्ट बघितला तेव्हाच. तुझ्यामुळे नाही गेलो मी. दमलो होतो, म्हणून गेलो."

जननीने आधी बापाकडे, मग मिसकडे पाहिलं. "दोघांनाही माहीत होतं?" तिने विचारलं. ती रडली नाही. ती नुसती मोजत असल्यासारखी एकाकडून दुसऱ्याकडे बघत राहिली, आणि ते रडण्याहून सोसायला कठीण होतं.

चित्राने पळी खाली ठेवली. इतका वेळ ती नवऱ्याशी आदराने बोलत होती, तिकडच्या रीतीप्रमाणे, परक्या माणसांसमोर तर जास्तच. आता ती एकेरीवर आली. "दमलास तर दमलो म्हणायचं होतंस. समुद्रावर कशाला घातलंस? पोरीवर कशाला घातलंस?" मग ती चारुलताकडे वळली. "आणि तुम्ही, टीचर? तुम्ही का नाही सांगितलंत?"

बसमध्ये चारुलताने कारणं जुळवून आणली होती. चाळीस मुलं, अहवाल, प्रदर्शन, मुलीचा उत्साह मोडायचा नव्हता. सगळी खरी होती. ती त्यातलं एकही बोलली नाही. "मीपण दमले होते," ती म्हणाली.

चित्रा दोघांकडे बघत राहिली. तेवढ्यात बाहेर गाडीचा भोंगा वाजला. कोळंबीच्या शेडवरची व्हॅन बायकांना न्यायला आली होती. रविवार असो की काही असो, माल आला की सोलायला जावंच लागतं. चित्राने तोंडावर पाणी मारलं, पदर खोचला, दाराशी ठेवलेले रबरी हातमोजे घेतले. "भात उतरलाय," ती कुणालाच उद्देशून नसल्यासारखी म्हणाली. "तिला वाढा. सकाळपासून जेवली नाही ती." आणि ती पायऱ्या उतरून गेली. व्हॅनचं दार सरकल्याचा आवाज आला.

एळुमलै उठला. गुडघ्यावर हात देऊन, थांबत थांबत, आत गेला. भांड्याचं झाकण काढल्याचा आवाज आला, ताट शोधल्याचा आवाज आला. ताटं कुठे असतात हे बहुधा त्याला माहीत नव्हतं. जननी खुर्चीपाशी जमिनीवर बसली होती, मांडीवर वही, पाठ भिंतीला. चारुलता उठून तिच्याजवळ गेली आणि फरशीवर बसली. जननी म्हणाली, "मिस, मला पाचपैकी पाच का दिलेत?"

चारुलताला वाटलं, आता तरी नीट सांगायला हवं, सगळं, पहिल्यापासून, कितीही वेळ लागला तरी. तिने खांद्यावरची पिशवी काढून बाजूला ठेवली.